ज्याला खाडा सांगता येईल असा सोबती

वजन उतरवू इच्छिणाऱ्याने आपला रोजचा हिशेब एखाद्या विश्वासू व्यक्तीला द्यावा, असे मी गेल्या अंकात ओझरते लिहिले होते. त्यानंतर आलेल्या बहुतेक पत्रांत त्याच एका वाक्याबद्दल विचारणा असल्यामुळे या वेळचे सदर पूर्णपणे त्या विषयाला देत आहे. तरुण मंडळी अशा व्यक्तीला ‘अकाउंटेबिलिटी पार्टनर’ म्हणतात. मी ‘सोबती’ हा आपला जुना शब्द वापरते. पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली असून नावे वगळली आहेत.

प्रश्न : मी ४६ वर्षांची असून कोथरूडमध्ये राहते व बँकेत नोकरी करते. माझी उंची १५६ सेंटिमीटर आणि वजन ७६ किलो आहे. दोन वर्षांपूर्वी मी आणि माझ्या जाऊबाईंनी मिळून वजन कमी करायला सुरुवात केली. दर रविवारी सकाळी आम्ही त्यांच्याकडच्या काट्यावर वजन करत असू. त्यांचे उतरत गेले, माझे उतरेना. मग मी काही ना काही कारण काढून रविवार टाळू लागले आणि शेवटी सगळेच सुटले. आता पुन्हा सुरुवात करायची आहे. यजमान म्हणतात, ‘मी तुझ्यावर लक्ष ठेवतो.’ समोरच्या सदनिकेतील मैत्रीणही तयार आहे. मी कोणाला निवडावे?

उत्तर : तुम्ही रविवार टाळू लागलात, हे तुमच्या पत्रातील सर्वांत मोलाचे वाक्य आहे, कारण प्रयत्न नेमका कोठे तुटला ते त्यात आले आहे. जाऊबाई काही टोचून बोलल्याचे तुम्ही लिहिलेले नाही. तरीही ज्या आठवड्यात तुम्हाला सोबतीची सर्वाधिक गरज होती, त्याच आठवड्यात त्यांच्यासमोर जाणे तुम्हाला नकोसे झाले. सोबती निवडताना मी सर्वांत आधी हेच पाहते, की बिघडलेल्या दिवशी त्या व्यक्तीला आपणहून फोन करावासा वाटेल का.

आपल्या घरांत यासाठी एक नेमका शब्द आहे, तो म्हणजे ‘खाडा’. दूधवाला आला नाही की आपण कालनिर्णयच्या चौकोनात खाडा मांडतो. त्या दिवसावरून त्याची लायकी ठरवत नाही आणि दुसऱ्या दिवशीचे दूधही नाकारत नाही. महिनाअखेरीस हिशेब बरोबर यावा, एवढ्यासाठीच ती खूण असते. सहकारनगरमध्ये एकाच इमारतीत राहणाऱ्या दोघी जणी माझ्याकडे सल्ल्यासाठी येत असत. त्यांनी आपापल्या स्वयंपाकघरातील कालनिर्णयचाच असा उपयोग केला होता. सकाळचे चालणे झाले की चौकोनात एक फुली, रात्रीचे जेवण साडेआठच्या आत झाले की एक टिंब, आणि दोन्ही राहिले की ‘खा’ हे अक्षर. रात्री साडेनऊला त्या चौकोनाचा फोटो एकमेकींना जाई. त्यांपैकी एकीचे भाद्रपदातले पान मी पाहिले आहे. गॅस सिलिंडर लावल्याची तारीख, दुधाचे खाडे आणि त्यांच्या शेजारी गणपतीच्या दिवसांत सलग सहा चौकोनांत पेन्सिलीने लिहिलेले ‘खा’. त्या सहाही रात्री मैत्रिणीकडून आलेला निरोप एकच होता, ‘बरं. उद्या सव्वासहाला, तळजईला.’ सातव्या चौकोनात पुन्हा फुली होती. इतके प्रामाणिक पान मी क्वचितच पाहिले आहे.

आता तुमच्या दोन उमेदवारांकडे वळू. मनातल्या मनात एक वाक्य उच्चारून पाहा, ‘काल रात्री सगळे झोपल्यावर मी फ्रिजमधला उरलेला शिरा उभ्याउभ्या संपवला.’ हे ज्या व्यक्तीला सांगताना तुमचा घसा आवळणार नाही, ती व्यक्ती निवडावी. यजमानांच्या मनात तुमची काळजी आहे, याबद्दल शंका नाही. मात्र ज्या घरात विजेच्या बिलापासून मुलांच्या परीक्षेपर्यंत शंभर विषयांवर रोज बोलणे होते, तेथे खाण्याचा खाडाही त्या शंभर विषयांत मिसळतो आणि कोणत्या तरी तिसऱ्याच वादात तो आपल्यासमोर येऊन उभा राहतो. शिवाय ‘लक्ष ठेवतो’ या शब्दांत राखणदारी आहे. मैत्रीण रोज भेटते, पण तुमच्या ताटाशी तिचा संबंध नाही, म्हणून माझा कल तिच्याकडे आहे. तिच्याबाबत दोन गोष्टी मात्र तपासून घ्या. ती दिलेली वेळ पाळते का, आणि ऐकलेली गोष्ट तिच्याजवळच राहते का? तुमच्या शिऱ्याची कथा सोसायटीच्या हळदीकुंकवाला पोचणार असेल, तर कितीही जिवलग असली तरी या कामासाठी ती योग्य नाही.

हिशेब द्यायचा तो आपल्या हातात असलेल्या गोष्टींचा द्यावा. चाललात का, जेवण किती वाजता झाले, दुपारच्या डब्यात भाजी व डाळ-उसळ होती का, एवढे तीन प्रश्न पुरेत. वजन त्या हिशेबात आणू नका. मिठाचे खाणे झाले, पाळीचे दिवस जवळ आले, पोट साफ झाले नाही, तरी काटा एक-दीड किलो वर सरकतो, आणि त्यात चरबी वाढलेली नसते. जाऊबाईंच्या काट्यावर तुम्ही ज्या आकड्याने खचलात, त्यातला काही भाग पाण्याचाच असण्याचा संभव आहे. पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी, एकटीने वजन करावे व वहीत लिहून ठेवावे. पहिले उद्दिष्ट ५ टक्के, म्हणजे तुमच्या बाबतीत पावणेचार किलोंच्या आसपास ठेवा. एवढ्या घटीनेही रक्तदाब व रक्तातील साखर यांवर चांगला परिणाम दिसू लागतो. आठवड्याला अर्धा किलो हा वेग पुरेसा आहे, आणि तोही दर आठवड्याला मिळेलच असे नाही.

सोबतीचा उपयोग खरोखर होतो का, असे काही वाचकांनी विचारले आहे. रीना विंग आणि रॉबर्ट जेफरी या अमेरिकी संशोधकांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १६६ जण होते. त्यांतील काही एकटे आले होते, तर काही आपल्या तीन मित्रांना किंवा नातलगांना घेऊन आले होते. एकट्याने येऊन नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी ७६ टक्क्यांनी चार महिन्यांचा कार्यक्रम पूर्ण केला आणि २४ टक्क्यांनी उतरलेले वजन दहाव्या महिन्यापर्यंत पूर्णपणे टिकवले. जे सोबत घेऊन आले आणि ज्यांना परस्परांना आधार कसा द्यावा हेही शिकवले गेले, त्यांच्यात हेच प्रमाण अनुक्रमे ९५ आणि ६६ टक्के होते. आधार देणे तेथे शिकवले गेले होते, याकडे माझ्या मते विशेष लक्ष द्यायला हवे. मैत्रिणीने होकार दिला म्हणजे तिला ते येतेच, असे समजू नका. पहिल्याच दिवशी तिच्यासह चहाला बसून काय विचारायचे, किती वाजता विचारायचे आणि खाडा झाल्यावर काय म्हणायचे, हे ठरवून घ्या. मुदत सहा आठवड्यांची ठेवा, म्हणजे जमले नाही तर मैत्रीला धक्का न लागता दोघींनाही थांबता येईल.

प्रश्न : वय ३८, सिंहगड रस्ता. मी स्वतःच यजमानांना माझा सोबती व्हायला सांगितले. आता पाहुण्यांसमोर ते ‘हिला गुळपोळी वाढू नका’ असे म्हणतात. दुसरीकडे सासूबाई ‘दोन घासांनी काय होतंय’ म्हणत आग्रहाने वाढतात. दोघांच्या मध्ये माझी कुचंबणा होते.

उत्तर : चारचौघांत ताटावर बोट ठेवणे थांबलेच पाहिजे. यजमानांना हे त्या प्रसंगी न सांगता दुसऱ्या दिवशी शांतपणे सांगा, आणि त्याच बैठकीत त्यांना दुसरे काम द्या, कारण नुसते ‘बोलू नका’ म्हटल्यावर मदत करू पाहणारा माणूस गोंधळतो. संध्याकाळी सहा ते पावणेसात मुलांचा अभ्यास त्यांनी घ्यावा आणि तेवढ्यात तुम्ही चालून यावे. फरसाणाचा डबा ओट्यावरून उचलून वरच्या फळीवर ठेवावा. रात्रीचे जेवण आठला मांडायला हातभार लावावा. असा सोबती तोंडाने काही बोलला नाही तरी चालतो.

सासूबाईंचा आग्रह ही त्यांची माया आहे आणि ती नाकारली गेली असे त्यांना वाटू देऊ नये. ‘आई, मला वजन उतरवायचं आहे, ज्वारीची भाकरी आणि मुगाची उसळ तुमच्या हातची हवी,’ असे म्हणून पाहा. ज्या हातांना वाढण्यात आनंद आहे, त्यांना वाढण्यासाठी काहीतरी द्यावे लागते. गुळपोळी संक्रांतीला एक खावी, तूप लावून, सर्वांबरोबर बसून. वर्षातून एकदा येणाऱ्या पोळीने वजन वाढत नाही. ते रोजच्या चार कप गोड चहाने आणि रात्री साडेदहाच्या जेवणाने वाढते.

प्रश्न : मी २९ वर्षांचा असून हिंजवडीतील एका कंपनीत काम करतो. आमच्या बारा जणांच्या गटाने प्रत्येकी दोन हजार रुपये जमा केले आणि दोन महिन्यांत सर्वाधिक वजन उतरवेल त्याने सगळी रक्कम घ्यायची, असे ठरवले. शेवटच्या आठवड्यात मी भात-पोळी बंद केली आणि शेवटच्या दिवशी पाणीही प्यायलो नाही. दुसरा आलो. पुढच्या दीड महिन्यात सगळे वजन परत आले. आता व्यायामशाळेतला मित्र म्हणतो, ‘रोज प्रत्येक ताटाचा फोटो मला पाठव.’ हे करावे का?

उत्तर : त्या शेवटच्या आठवड्यात तुमच्या शरीरातून गेले ते मुख्यतः पाणी होते. आपण खाल्लेल्या पिष्टमय पदार्थांचा काही भाग यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने साठतो आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते. भात-पोळी बंद केली की तो साठा रिकामा होतो, पाणी निघून जाते आणि काटा झरझर उतरतो. पुन्हा जेवू लागताच साठा भरतो आणि काटा वर जातो. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी, हे लक्षात घेतले तर ती एका आठवड्यात तीन-चार किलो जाणे अशक्यप्राय आहे, हे सहज उमजेल. पाणी तोडणे तर धोक्याचे आहे. ते पुन्हा कधीही करू नका.

स्पर्धेतले अकरा जण तुमचे सोबती नव्हते, कारण तुमचा खाडा ही त्यांच्या फायद्याची गोष्ट होती. त्यापेक्षा आपली भिशी पाहा. तेथे प्रत्येकाने दरमहा ठरलेली रक्कम भरायची असते, प्रत्येकाची पाळी येते आणि एकाने हप्ता चुकवला तर सगळ्यांचेच अडते, म्हणून जो तो दुसऱ्याला सांभाळून घेतो. पैसे लावायचेच असतील तर ते अशा रीतीने लावा. महिन्यातून ठरलेले दिवस चालणाऱ्या प्रत्येकाला त्याचे पैसे परत, आणि उरलेल्या रकमेतून सगळ्यांनी मिळून सिंहगड. वर गेल्यावर पिठले-भाकरी आणि दही जरूर खावे. कांदाभजी चौघांत एक बशी.

ताटाच्या फोटोंबद्दल माझे मत सावध आहे. पहिले दोन आठवडे त्यांचा उपयोग होतो, कारण आपण दिवसभरात नेमके किती वेळा तोंड हलवतो हे बहुतेकांना तोपर्यंत ठाऊक नसते. त्यानंतर माणूस फोटोसाठी वेगळे ताट वाढू लागतो आणि खरे खाणे फोटोबाहेर होते. दोन आठवड्यांनी फोटो थांबवा आणि मित्राशी आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, पंधरा मिनिटे बोलणे ठेवा. मित्राचा सल्ला व्यायामापुरता घ्या. तो कोणती पावडर किंवा गोळी सुचवत असेल तर ती डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नका.

अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांवर एक मोठी चाचणी झाली होती आणि तिचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात एका गटाला सुमारे ७ टक्के वजन उतरवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालणे, एवढेच लक्ष्य दिलेले होते आणि प्रत्येकामागे एक मार्गदर्शक नेमलेला होता. सुमारे तीन वर्षांत मधुमेह होण्याचे प्रमाण त्या गटात ५८ टक्क्यांनी कमी राहिले. तुमच्या स्पर्धेच्या तुलनेत ते लक्ष्य किती साधे होते, ते पाहा.

प्रश्न : वय ६७, सदाशिव पेठ, निवृत्त. मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. आम्ही पाच मित्र रोज पहाटे पर्वती चढतो. उतरल्यावर चहा होतो आणि आठवड्यातून तीन-चार वेळा वडा किंवा मिसळही होते. तीन वर्षांत वजन जैसे थे आहे. हा गट सोडावा काय?

उत्तर : गट मुळीच सोडू नका. तीन वर्षे रोज पहाटे शंभरावर पायऱ्या चढायला लावणारी सोबत विकत मिळत नाही. पायऱ्या चढून जेवढी ऊर्जा खर्च होते, तिच्याहून अधिक एका बटाटेवड्यातून परत येते, इतकाच हा हिशेब आहे. पाच जणांना बदलण्याच्या भरीस न पडता त्यांतल्या एकालाच विश्वासात घ्या. दोघांनी बिनसाखरेचा चहा सांगितला की तिसरा दोन-चार दिवसांत आपोआप त्याच वाटेला लागतो, असा माझा अनुभव आहे. मिसळीला एक वार ठरवून द्या. वजनाबरोबर कमरेचा घेरही मोजा; आपल्याकडील पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही त्याची मर्यादा मानली जाते.

मात्र खाणे कमी करण्याआधी डॉक्टरांना भेटा, हे मी आग्रहाने सांगते. मधुमेहाच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ ग्लिमेपिराइड, आणि इन्शुलिन यांमुळे खाणे घटल्यास साखर एकदम खाली जाऊ शकते, म्हणून मात्रा बदलावी लागते. ती स्वतः बदलू नये. पहाटे उपाशीपोटी चढायचे की नाही, हेही त्यांनाच विचारा. तुमच्या त्या एका मित्राला लक्षणे सांगून ठेवा. घाम फुटणे, हात थरथरणे, अकारण चिडचिड होणे किंवा बोलणे अडखळणे दिसले की तेथेच पायरीवर बसवून तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे, पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा द्यावे. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही न घालता ताबडतोब रुग्णालय गाठावे. ग्लुकोजची पुडी तुमच्या खिशात हवीच, पण त्याच्याही खिशात असू द्या.

प्रश्न : वय ५२, औंध. माझ्या बालमैत्रिणीने मला तिची सोबती केले आहे. ती रोज रात्री ‘सगळं ठीक’ असा निरोप पाठवते. मी मात्र तिला दोनदा संध्याकाळी बेकरीबाहेर पॅटिस खाताना पाहिले आहे. वजन उतरत नाही म्हणून ती रडते आणि माझ्याशी खोटे बोलते. तिला स्पष्ट विचारू का? मला फार वाईट वाटते आहे.

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले. सोबती होणाऱ्याच्या मनाला काय सोसावे लागते, याचा विचार आपण फारसा करत नाही. तुम्हाला वाईट वाटणे स्वाभाविक आहे. तरीही पॅटिसचा उल्लेख करू नका, अशी माझी विनंती आहे. एकदा पकडले गेल्यावर ती दुसरी बेकरी शोधेल आणि तिचे निरोप आणखी ‘ठीक’ होत जातील.

अमेरिकेतील जीन निडेच या गृहिणीची हकिगत येथे सांगण्यासारखी आहे. १९६१ मध्ये त्या न्यूयॉर्कमध्ये स्थूलतेवरील एका सरकारी केंद्रात जात होत्या. वजन उतरत होते, पण चोरून बिस्किटे खाण्याची त्यांची सवय सुटत नव्हती आणि हे त्यांना केंद्रात कोणाजवळ बोलता येत नव्हते. अखेरीस त्यांनी आपल्यासारख्याच स्थूल अशा सहा मैत्रिणींना घरी बोलावले आणि ती गोष्ट त्यांच्यापुढे सांगून टाकली. ऐकणाऱ्या जणीही आपापले चोरटे खाणे सांगू लागल्या. त्या बैठका वाढत गेल्या आणि १९६३ मध्ये त्यांतून ‘वेट वॉचर्स’ ही संस्था उभी राहिली. आहाराचा तक्ता त्या सरकारी केंद्रातही मिळतच होता. ज्यांच्यापुढे कबुली देता येईल अशी माणसे तेवढी तेथे नव्हती.

म्हणून आधी तुमचे जुने निरोप काढून पाहा. सुरुवातीच्या दिवसांत तिने एखादा खाडा सांगितला होता का, आणि त्यावर तुम्ही काय लिहिले होते? ‘अगं, असं कसं केलंस’ किंवा ‘परवाच तर ठरलं होतं’ असे काही सापडले, तर ‘सगळं ठीक’ची सुरुवात तेथून झाली असण्याची शक्यता आहे. यात तुम्हाला दोष देण्याचा हेतू नाही. जिवाभावाच्या माणसाला आपण असेच बोलतो. तसे काही सापडले नाही, तर तिची लाज तुमच्या शब्दांहून जुनी आहे असे समजा.

‘सगळं ठीक का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणणे फार सोपे असते, तेव्हा प्रश्न बदला. ‘आज दिवसातली सर्वांत अवघड वेळ कोणती गेली?’ असे विचारा. संध्याकाळी सहाचे नाव आले, तर कारण शोधणे सोपे होईल, कारण दुपारी एकला डबा खाल्लेल्या माणसाला सहाला भूक लागणारच. पाचला मूठभर फुटाणे, एखादे फळ किंवा ताक पोटात गेले तर बेकरीचा रस्ता ओलांडणे हलके जाते. शक्य असेल तर आठवड्यातले दोन दिवस त्याच वेळेला तिच्याबरोबर चाला.

यापलीकडची एक शक्यताही नजरेआड करू नका. अगदी थोड्या वेळात, आवरता न येईल इतके लपून खाणे, खाल्ल्यावर मुद्दाम उलटी करणे, दिवसचे दिवस काही न खाणे, असे काही तिच्या बोलण्यातून आले, तर हा आजार आहे आणि त्यावर मानसोपचारतज्ज्ञांकडे उपचार आहेत. अशा वेळी रोजच्या हिशेबाने तिचा त्रास वाढतो. तो हिशेब थांबवून तिच्याबरोबर तज्ज्ञांकडे जा.

तसे नसेल, तर आज रात्री तिच्या निरोपाची वाट न पाहता तुमचाच एक खरा खाडा तिला आधी कळवा. तुम्हीही गेल्या आठवड्यात चालायला गेला नसाल, औषध घ्यायचे विसरला असाल किंवा कोणाला करायचा फोन टाळला असेल. ते दोन ओळींत लिहा, खाली ‘उद्या सहाला येतेस का?’ एवढेच विचारा, आणि त्या रात्री तिने काही उत्तर दिले नाही तरी सहाला तिच्या दाराशी जा.